माणूस आपला, खुर्ची सर्वांची



आजच्या व्याख्यानाचा विषय कानावर गेल्यावर एका स्नेह्याने आम्हांस विचारले, “अमेरिकेच्या नव्या अध्यक्षाने कोणास मंत्री केले आणि त्यावर तेथील धर्मनिष्ठ मंडळी रुसली की हरखली, याच्याशी आपणांस काय कर्तव्य?” प्रश्न रास्त आहे. पण मंत्र्यांची यादी जाहीर झाली की त्या यादीत प्रथम ‘आपला माणूस’ शोधायचा, ही खोड एका देशाची नाही. ती दुसऱ्याच्या घरात नीट दिसते. स्वतःच्या घरात दिसत नाही. म्हणून आज आम्ही आपणांस थोडा वेळ त्या दूरच्या घरात नेणार आहोत.

तसे ते घर अगदी अनोळखीही नाही. १८१३ साली अमेरिकन मिशनरी मुंबईच्या किनाऱ्यास लागले, १८३१ साली त्यांनी अहमदनगरास ठाणे केले, आणि तेथूनच १८४२ साली ‘ज्ञानोदय’ निघू लागला. ज्या मंडळाने त्यांना इकडे धाडले त्याचे मुख्य ठाणे मॅसॅच्युसेट्स संस्थानातील बोस्टन शहरात. मौज अशी की, त्या मॅसॅच्युसेट्समध्ये चर्चच्या पोषणासाठी लोकांकडून कर घेण्याची रीत १८३३ पर्यंत चालू होती. देशाच्या राज्यघटनेने मात्र कोणत्याही अधिकारपदासाठी धर्माची कसोटी लावता येणार नाही असे आधीच बजावले होते, आणि १७९१ च्या पहिल्या दुरुस्तीने मध्यवर्ती सत्तेला अधिकृत धर्म स्थापण्याची मनाई केली होती.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. धर्म आणि राज्यसत्ता यांच्यामध्ये भिंत असावी हा विचार केवळ नास्तिकांनी किंवा पाखंड्यांनी मांडला, असा पुष्कळांचा समज असतो. तो खरा नव्हे. कनेक्टिकट संस्थानातील डॅनबरीच्या बॅप्टिस्ट लोकांनी १८०१ साली जेफर्सन यांना पत्र लिहून आपले गाऱ्हाणे मांडले. त्यांच्या संस्थानात दुसऱ्या पंथाचे चर्च राजमान्य होते, आणि आपल्याला जे धर्मस्वातंत्र्य मिळते ते हक्क म्हणून नव्हे, मेहेरबानी म्हणून मिळते, हे त्यांचे दुःख होते. १ जानेवारी १८०२ रोजी जेफर्सन यांनी त्यांना जे उत्तर धाडले त्यात त्या भिंतीचा प्रसिद्ध उल्लेख आहे. म्हणजे राज्यसत्तेपासून संरक्षण मागणाऱ्यांत बायबल उशाशी घेऊन झोपणारी माणसे होती.

आता दीडशे वर्षे पुढे येऊ. व्हर्जिनियातील लिंचबर्ग या गावी १९५६ साली जेरी फॉलवेल नावाच्या तरुण बॅप्टिस्ट धर्मोपदेशकाने चर्च काढले. १९६५ साली काळ्या लोकांच्या नागरी हक्कांसाठी मोर्चे निघत होते आणि अनेक धर्मोपदेशक त्यांत चालत होते. त्या वेळी फॉलवेल यांनी प्रवचनात सांगितले की, उपदेशकाचे काम राजकारण नव्हे, आत्म्यांचा उद्धार हे आहे. पुढे दिवस पालटले. शाळांतील सरकारी प्रार्थना घटनाबाह्य असल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये दिलेला होताच. १९७३ मध्ये गर्भपाताला घटनेचे संरक्षण मिळाले. आणि १९७८ मध्ये काही खाजगी शाळांची करमाफी काढून घेण्याचा प्रस्ताव पुढे आला. आपल्या घरावर, आपल्या मुलांच्या शाळेवर सरकार चाल करून येत आहे, असे या सनातनी ख्रिस्ती लोकांना वाटू लागले. ती भीती त्यांच्यापुरती खरी होती. तिची थट्टा करण्याचे कारण नाही. १९७९ साली त्याच फॉलवेल यांनी ‘मॉरल मेजॉरिटी’ ही राजकीय संघटना काढली, आणि १९६५ चे आपले ते प्रवचन चुकीचे होते असेही पुढे कबूल केले.

१९८० ची निवडणूक आली. एका बाजूला जिमी कार्टर: स्वतः बॅप्टिस्ट, रविवारच्या शाळेत बायबल शिकवणारे. दुसऱ्या बाजूला रोनाल्ड रेगन: सिनेमानट, घटस्फोटित, आणि कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर असताना १९६७ साली गर्भपाताचे निर्बंध सैल करणाऱ्या कायद्यावर सही केलेले. पण ऑगस्टमध्ये डॅलस येथे हजारो धर्मनिष्ठांच्या मेळाव्यात रेगन उभे राहिले आणि म्हणाले की, तुम्ही मला पाठिंबा देऊ शकत नाही हे मी जाणतो, पण माझा तुम्हाला पाठिंबा आहे. सभा जिंकली गेली. नोव्हेंबरात ४४ संस्थाने आणि ४८९ निर्वाचक मते घेऊन रेगन निवडून आले.

वरात दारात आली, आता मानपान! त्या देशात मंत्री लोकसभेतून येत नाहीत. अध्यक्ष त्यांना बाहेरून निवडतो आणि सीनेट त्यांना मान्यता देते. त्यामुळे यादी म्हणजे अध्यक्षाच्या मनाचा आरसाच, असे लोक धरून चालतात. या आरशात सनातनी मंडळींनी पाहिले तेव्हा काय दिसले? अर्थखाते मेरिल लिंच या पेढीच्या डोनाल्ड रीगन यांच्याकडे. परराष्ट्रखाते सेनापती अलेक्झांडर हेग यांच्याकडे. अध्यक्षांच्या कार्यालयाचे प्रमुखपद जेम्स बेकर यांच्याकडे, ज्यांनी काही महिन्यांपूर्वीच रेगन यांच्याविरुद्ध बुश यांची प्रचारमोहीम चालवली होती. शिक्षणखाते बंद करण्याचे वचन रेगन यांनी दिले होते. त्याच खात्यावर, ते स्थापन व्हावे म्हणून साक्ष दिलेले टेरेल बेल नेमले गेले. मॉरल मेजॉरिटीचे पहिले कार्यकारी संचालक रॉबर्ट बिलिंग्ज यांना त्याच शिक्षणखात्यात, प्रादेशिक कचेऱ्यांच्या देखरेखीची जागा मिळाली. त्यांच्या पठडीतला म्हणावा असा ठळक मंत्री एकच, अंतर्गत खात्याचे जेम्स वॉट. आणि त्या खात्याकडे काय, तर सरकारी जमिनी, अरण्ये, खाणी! आरोग्यखात्याचे रिचर्ड श्वायकर गर्भपाताचे विरोधक होते, एवढाच दिलासा. रिचर्ड व्हिगरी, हॉवर्ड फिलिप्स यांसारखे उजव्या बाजूचे संघटक उघडपणे कुरकुरू लागले. १९८१ च्या वसंतात सीनेटमधील बहुमताचे नेते हॉवर्ड बेकर यांनी आधी अर्थकारण, सामाजिक प्रश्न मागाहून, असा क्रम लावून टाकला.

जुलै १९८१ मध्ये सर्वोच्च न्यायालयातील पहिली स्त्री न्यायाधीश म्हणून रेगन यांनी ॲरिझोनाच्या सँड्रा डे ओकॉनर यांचे नाव सुचवले. गर्भपाताविषयी त्यांचे पूर्वीचे मतदान सनातनी गोटाला पसंत नव्हते. चांगल्या ख्रिस्ती माणसाला याची काळजी वाटली पाहिजे, असे फॉलवेल म्हणाले. त्यावर त्याच ॲरिझोनाचे वृद्ध सीनेटर बॅरी गोल्डवॉटर यांनी चांगल्या ख्रिस्ती माणसाने फॉलवेल यांचे काय करावे हे सांगितले. ते शब्द या व्यासपीठावरून उच्चारण्याजोगे नाहीत. सीनेटने ओकॉनरबाईंना ९९ विरुद्ध ० मतांनी मान्यता दिली.

आतापर्यंतची गोष्ट आपल्या ओळखीची आहे: मते घेतली, आणि पंगतीत शेवटच्या पाटावर बसवले. पण आमच्या मते खरी गोष्ट येथून पुढे सुरू होते. ती आहे त्या नेमणुकीची, जी सनातनी मंडळींना हवी होती आणि मिळालीही.

फिलाडेल्फियाच्या बालरुग्णालयात डॉ. सी. एव्हरेट कूप हे नामांकित शल्यचिकित्सक होते. माणूस कडक धर्मनिष्ठ. गर्भपाताविरुद्ध त्यांनी लिहिले होते, व्याख्याने दिली होती, चित्रपटही काढला होता. आरोग्यखात्यातील सर्जन जनरल या पदासाठी रेगन यांनी त्यांचे नाव पुढे केले. ही मंत्रिपदाची जागा नव्हे. पण साऱ्या राष्ट्राला आरोग्याचा सल्ला देणारी. सनातनी मंडळींना आनंद झाला आणि उदारमतवाद्यांनी रान उठवले. वयाची अट आडवी आली, तर तीही कायदा बदलून दूर करावी लागली. नोव्हेंबर १९८१ मध्ये ६८ विरुद्ध २४ मतांनी कूप खुर्चीवर बसले.

पुढे एड्सची साथ आली. हा रोग पापाचे फळ आहे असे म्हणणारे थोडे नव्हते. अध्यक्षांनी कूप यांच्याकडे अहवाल मागितला. ऑक्टोबर १९८६ मध्ये तो प्रसिद्ध झाला तेव्हा त्यांचे चाहते हबकले. संयम आणि एकनिष्ठा हाच उत्तम मार्ग, असे कूप यांनी लिहिलेच; पण ज्यांना तो साधत नाही त्यांनी निरोध वापरावा, आणि मुलांना लहान वयातच या रोगाविषयी स्पष्ट शिक्षण द्यावे, असेही लिहिले. मे १९८७ मध्ये कूप यांच्या गौरवार्थ भोजनसमारंभ योजला होता. त्याविरुद्ध फिलिस श्लाफ्ली आदी मंडळींनी मोहीम उघडली, आणि अध्यक्षपदाची आशा धरून बसलेल्या पुढाऱ्यांनी मुकाट्याने अंग काढून घेतले. कूप यांनी माघार घेतली नाही. नीतिमान आणि अनीतिमान, दोघांचाही मी सर्जन जनरल आहे, असे त्यांचे म्हणणे होते. १९८८ मध्ये एड्सविषयीचे पत्रक टपालाने देशातील १० कोटींहून अधिक घरांत गेले.

याहून कठीण कसोटी पुढेच होती. गर्भपातामुळे स्त्रीच्या मनावर काय परिणाम होतात याचा अहवाल रेगन यांनी मागवला. उत्तर काय यावे अशी सनातनी गोटाची अपेक्षा होती, ते सांगणे नको. कूप स्वतः गर्भपाताला पाप समजत होते आणि अखेरपर्यंत समजत राहिले. पण जानेवारी १९८९ मध्ये त्यांनी अध्यक्षांना कळवले की, उपलब्ध शास्त्रीय पुरावा कोणत्याही बाजूने निर्णय देण्याइतका पुरेसा नाही. स्वतःच्या श्रद्धेला उपयोगी पडेल असे असत्य, किंवा अर्धसत्यसुद्धा, त्यांनी सरकारी कागदावर उतरवले नाही.

आम्ही विचारतो, त्या दिवशी कूप यांनी धर्म सोडला की धर्म पाळला? ज्यांनी त्यांना खुर्चीवर बसलेले पाहून टाळ्या वाजवल्या, त्यांना वाटले की माणूस बिघडला. आम्हांला वाटते की माणूस तोच होता. खुर्ची काय मागते हे त्याला कळले होते.

दुसरे उदाहरण २००१ चे. धाकट्या बुश यांनी जॉन ॲशक्रॉफ्ट यांना ॲटर्नी जनरल केले. असेंब्लीज ऑफ गॉड या पंथाचे, धर्मोपदेशकाचे चिरंजीव. वीस वर्षांपूर्वीची अरण्ये नव्हेत, आता प्रत्यक्ष न्यायखाते! सनातनी मंडळी प्रसन्न झाली. विरोधकांना वाटले, आता न्यायखात्याचे चर्च होणार. ५८ विरुद्ध ४२ अशा जेमतेम मतांनी ते पार पडले. त्यांच्या कारभारातील पुष्कळ गोष्टी वादग्रस्त ठरल्या आणि त्या वादांत आम्ही शिरत नाही. पण मार्च २००४ मधील एक रात्र विसरता येत नाही. ते रुग्णालयात खाटेवर पडलेले. अध्यक्षांची माणसे गुप्त टेहळणीच्या कार्यक्रमाला त्यांची मान्यता घेण्यास आली. तो कार्यक्रम कायद्यात बसत नाही असे खात्याचे मत झाले होते. ॲशक्रॉफ्ट यांनी उशीवरून डोके उचलून नकार दिला. मित्रांनी आणि शत्रूंनी त्यांचा केलेला हिशेब त्या रात्री सारखाच चुकला.

आणि अगदी अलीकडचे, २०२५ सालचे पाहा. ट्रंप यांनी आरोग्यखात्यासाठी रॉबर्ट केनेडी धाकटे यांना निवडले. गर्भपाताच्या हक्काचे समर्थन केलेला हा माणूस. माजी उपाध्यक्ष माइक पेन्स यांच्या संस्थेने सीनेटरांना विनवले की याला नाकारा. केनेडी सुनावणीत म्हणाले की, प्रत्येक गर्भपात ही शोकांतिका आहे या अध्यक्षांच्या मताशी मी सहमत आहे. ५२ विरुद्ध ४८ मतांनी ते मंत्री झाले. रिपब्लिकन पक्षातून विरोधी मत एकट्या मॅकॉनेल यांचे. १९८१ मध्ये सनातनी मंडळी ‘आमचा माणूस का नाही’ म्हणून भांडली. २०२५ मध्ये त्यांच्या बाजूच्या बहुतेक सीनेटरांना ‘माणूस आमचा नसला तरी आमचे वाक्य बोलला’ एवढे पुरेसे झाले. या दोन्हींत पुढचे पाऊल कोणते आणि मागचे कोणते, ते श्रोत्यांनीच ठरवावे.

गैरसमज नको. धर्मनिष्ठ माणसाने मत देऊ नये, किंवा मतदानानंतर काही मागू नये, असे आम्ही म्हणत नाही. इतर मागतात, मग त्यानेच का गप्प बसावे? आमचे म्हणणे इतकेच की, श्रद्धेने खुर्च्या मोजण्यास आरंभ केला म्हणजे तिच्या हातून एक मोलाची वस्तू निसटते. सत्तेपुढे उभे राहून ‘हे चूक आहे’ असे म्हणण्याचा तिचा अधिकार सैल पडतो, कारण जो यादीत नाव येण्याची वाट पाहत बसला आहे, त्याचा आवाज चढत नाही. डॅनबरीच्या बॅप्टिस्टांनी सत्तेपाशी जागा मागितली नव्हती. मोकळेपणा मागितला होता. म्हणून त्यांचे पत्र आज सव्वादोनशे वर्षांनंतरही वाचले जाते.

आमच्या त्या स्नेह्याला आम्ही इतकेच सांगू की, पुढच्या वेळी आपल्याकडे मंत्र्यांची यादी लागेल आणि चहाच्या टेबलाभोवती ‘आपल्याला काय मिळाले’ हा प्रश्न निघेल, तेव्हा फिलाडेल्फियाच्या त्या दाढीवाल्या डॉक्टरची आठवण ठेवावी. माणूस आपला आहे काय, हे जरूर विचारावे. पण तेवढ्यावर थांबू नये. खुर्चीवर बसल्यावर, आपला नसलेल्याचेही काम तो करील काय, हेही विचारावे. या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी असेल, तर पहिल्याचे उत्तर काहीही असो, आपले फारसे बिघडत नाही.