चांदी जागा सोडते तेव्हा

चाळीसगाव म्हटलं की जाणकारांना केकी मूस आठवतात. १९१२ साली जन्मलेला हा कलावंत स्टेशनजवळच्या बंगल्यात जवळपास एकांतात राहिला. टेबलावर साध्या वस्तू मांडून त्यांनी छायाचित्रांत निसर्ग उभा केला. १९८९ मध्ये ते गेले. बंगल्यात आता त्यांचं संग्रहालय आहे.

त्यांच्या कृष्णधवल चित्रांतला काळा रंग हा खरं तर रंग नसतोच. ती असते चांदी. जिलेटिनच्या पातळ थरात चांदीचे कण बसलेले असतात, आणि एकेक कण म्हणजे बारीक तंतूंचा गुंता. त्या तंतूंची जाडी नॅनोमीटरमध्ये मोजतात. मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातला एक म्हणजे नॅनोमीटर. आपला केस सुमारे ८० हजार नॅनोमीटर जाड असतो.

वस्तू जितकी बारीक, तितका तिच्या आकारमानाच्या मानाने पृष्ठभाग जास्त, आणि झीज सुरू होते ती पृष्ठभागापासून. दमट हवा, धूर, हलक्या पुठ्ठ्यातून सुटणारे वायू यांमुळे चांदीचे अणू विद्युतभारित होऊन जिलेटिनमधून सरकतात आणि दुसरीकडे पुन्हा चांदी होऊन बसतात. हे नवे कण इतके लहान असतात, की प्रकाश त्यांच्यावर वेगळाच वागतो. काळं होतं ते पिवळट, तपकिरी दिसू लागतं. काही चांदी वर येऊन आरशासारखी चमकते.

न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन म्युझियम आणि न्यू मेक्सिको विद्यापीठ यांच्या संशोधकांनी २०१९ मध्ये एकोणिसाव्या शतकातल्या डगेरोटाइप चित्रांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्या चित्रांच्या छटाही नॅनोकणांच्या आकारावर आणि मांडणीवर ठरतात.

आमच्या घरी अम्मीचा एकच फोटो आहे. तिच्या डोळ्यांतला काळेपणा आता तपकिरी होत चालला आहे. तो काढणारा स्टुडिओ कधीच बंद झाला, निगेटिव्हही उरली नाही. आठवणी विटतात, असं आम्ही कवी लिहितो. इथे मात्र चांदी आपली जागा सोडते आहे, आणि तिचा वेग कमी करणं आपल्या हाती आहे.

तुमच्याही घरात असा एखादा फोटो असेल. तो चुलीच्या धुरापासून, ओलीच्या भिंतीपासून, ताज्या तेलरंगापासून दूर ठेवा. वर्तमानपत्रात गुंडाळू नका. हातात घेताना कडेला धरा, आणि आजच त्याची एक प्रत काढून ठेवा.