मिसर कोणत्या तालुक्यात?



व्याख्यानमालेच्या चालकांची अपेक्षा अशी होती की आम्ही येथे कामगार कायद्यांवर बोलावे. तो आमचा रोजचा धंदा आहे आणि त्यावर बोलायला आम्हांला तयारी लागत नाही. परंतु वैशाखाच्या उन्हात दिवसभर भाजून निघालेल्या माणसांना संध्याकाळी वाऱ्याला बसवावे आणि कलमे व पोटकलमे ऐकवावीत, हा आमच्या मते जुलूम आहे. जुलमाविरुद्ध तीस वर्षे ओरडलेल्या माणसाने तो स्वतः करू नये. म्हणून आज आम्ही एका विनोदी पटकथेविषयी बोलणार आहोत.

आमचे शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते वाचनालयात आणि रेल्वेच्या डब्यात झाले. बोलपटांतले आम्हांला कळते असा आमचा दावा नाही. तरीही सुलतानपुरातलाच एक तरुण गेल्या दिवाळीनंतर आमच्याकडे चौतीस पानांची वही घेऊन आला आणि म्हणाला, ‘काका, पंधरा मिनिटांचा चित्रपट काढायचा आहे. युद्धाच्या काळातली गोष्ट आहे, विनोदी आहे. वाचा आणि खरे काय ते सांगा.’ आमच्याकडेच का, असे विचारले तेव्हा त्याने सांगितले की गावातले अर्ज आणि हँडबिले तुम्हीच तर दुरुस्त करून देता. हे मात्र खरे आहे.

‘खरे काय ते सांगा’ हे शब्द ऐकले की आम्हांला धडकी भरते, आणि त्याला कारण आहे. पंचवीसएक वर्षांपूर्वी जिनिंगमधल्या एका कामगाराने एकांकिका लिहून आम्हांला दाखविली होती. आम्ही त्या वेळी तरुण होतो आणि नुकतीच चार पुस्तके वाचलेली होती. पहिली आठ पाने वाचून आम्ही त्याला म्हणालो, ‘हे फाडून टाक आणि पुन्हा लिही.’ त्याने पहिला अर्धा भाग ताबडतोब पाळला. दुसरा त्याने जन्मात पाळला नाही. तो गृहस्थ पुढे आम्हांला भेटत असे, वर्गणी देत असे, मोर्चाला येत असे. पण नाटकाचा विषय निघाला की बिडी पेटवून बाहेर जाई. तेव्हापासून आमचा नियम असा की कोणाचे लिखाण पहिल्यांदा वाचताना हातात पेन्सिल धरायची नाही. ती खिशात राहू द्यायची, आणि हसू आले तर हसायचे.

या वहीने आम्हांला हसविले, हे प्रथम सांगितले पाहिजे. गोष्ट १९४३ सालची आहे. जपानी विमाने येतील या भीतीने सरकारने दिवे विझविण्याचा हुकूम काढला आहे, आणि एक उत्साही नायब तहसीलदार घोड्यावर बसून आमच्यासारख्या एका वऱ्हाडी खेड्यात तो हुकूम बजावायला येतो. गावात वीज नाही. कंदील आहेत, पण त्यांत घासलेट नाही. साहेब शिट्टी घेऊन रात्रभर दिवे शोधत हिंडतो आणि गावात सापडलेला एकमेव दिवा त्याच्याच हातातला असतो. शेवटी पाटलाच्या वाड्यापुढे एक म्हातारा हात जोडून त्याला म्हणतो, ‘सायेब, दिवा इझवतो ना! पन इझवाले आंधी तेल तं द्या!’

हे वाक्य आम्ही वाचले आणि खिशातली पेन्सिल खिशातच राहिली याचा आनंद वाटला. त्यातला इतिहास पाहा. ८ मार्च १९४२ रोजी रंगून जपानच्या हाती गेले. ब्रह्मदेशाचे तांदूळ आणि तेल, दोन्ही बंद झाली. हिंदुस्थानातली लाखो खेडी त्या घासलेटावर जगत होती. म्हणजे सरकारने हरायचे ब्रह्मदेशात, अंधार पडायचा वऱ्हाडात, आणि वर त्या अंधाराचा हुकूमही सरकारच काढणार! एवढा मोठा मजकूर त्या म्हाताऱ्याच्या एका वाक्यात आला. आणि या पोराने ते टाकले होते एकतिसाव्या पानावर, अशा ठिकाणी की तोवर प्रेक्षक चहाला उठून गेलेले असावेत.

मुंबई-कलकत्त्याचे दिवे विझविले गेले हे सर्वश्रुत आहे. घोड्यावरचा नायब तहसीलदार मात्र या मुलाची कल्पना. त्यावर आम्ही त्याच्याशी वाद घातला नाही. फार्सला एक थाप माफ असते. परंतु ती एक थाप पचवायची तर बाजूचे सगळे पक्के लागते, आणि तेथे वहीत गोंधळ होता. आम्ही ते त्याला एकेक करून दाखविले. त्याने तलाठी लिहिला होता. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेले, राजधानी नागपूर, आणि गावात असे तो पटवारी. त्याच्या वाण्याने गुळाचे ‘पन्नास पैसे’ मागितले होते. दशमान पैसा आला १९५७ च्या एप्रिलात, त्याआधी रुपयाचे सोळा आणे आणि चौसष्ट पैसे. एका पात्राच्या तोंडी त्याने घातले होते, ‘आभाळातून पडायचे ते लोणारला एकदा पडून गेले, आता बाँब कशाला पडतो?’ वाक्य झकास आहे. पण लोणारचे विवर उल्केने झाले हे शास्त्रज्ञांच्या अभ्यासाने पक्के झाले १९७० नंतरच्या दशकात. १९४३ साली भूगर्भवाले त्याला ज्वालामुखी समजत, आणि आपले लोक लवणासुराची गोष्ट सांगत. तेव्हा त्या म्हाताऱ्याला दैत्यसूदनाची आठवण होऊ दे, असे आम्ही सुचविले.

तो हिरमुसला. त्याला वाटले आम्ही परीक्षक होऊन गुण कापतो आहोत. म्हणून आम्ही त्याला कापलेल्याच्या बदल्यात काही देऊ केले. त्या वर्षी, १९४३ साली, सरकारने मध्ये भोक असलेला तांब्याचा पैसा काढला. युद्धासाठी धातू वाचवायचा होता. आमच्या आजोबांच्या पिढीने तो करगोट्यात ओवलेला आहे. ‘सरकारने पैशातला मधला भाग खाल्ला, कड आपल्याला ठेवली’ असे कोणी म्हटले नसेल तर वऱ्हाडी माणसाची जीभ त्या वर्षी आजारी असली पाहिजे. दुसरे असे की येथून मंठा-जिंतुराकडे गेले की निजामाचे राज्य लागे. तिकडे हाली शिक्का, इकडे कलदार. कलदार भारी, हाली हलका. हद्दीच्या एका बाजूला एक कायदा आणि दुसऱ्या बाजूला दुसरा. यात धान्याची पोती रात्री कोणत्या दिशेने चालत असतील याची कल्पना करा. साहेब दिवे शोधतो आहे आणि अंधारात गाड्या चालल्या आहेत! अंधाराचा हुकूम सर्वांत मनापासून कोणी पाळला असेल, तर पोतीवाल्यांनी. एवढे सांगितल्यावर मुलाचे डोळे चमकले आणि त्याने स्वतःची पेन्सिल काढली.

लांबीविषयी आम्ही थोडेच बोललो. चौतीस पानांचे पंधरा मिनिटांत काय होणार? पटकथेचे एक पान म्हणजे पडद्यावरचे सुमारे एक मिनिट, असा या धंद्यातला ठोकताळा आहे. त्याला आम्ही सांगितले की महायुद्धात कच्च्या फिल्मची टंचाई पडली तेव्हा १९४२ साली सरकारने बोलपटांना अकरा हजार फुटांची मर्यादा घातली. दोन तासांच्या आसपास खेळ संपलाच पाहिजे. भलेभले निर्माते त्या कात्रीखाली आले. तू मोबाईलवर चित्रण करणार, तुझी फिल्म संपत नाही, म्हणून तुझी पात्रे बोलायची थांबत नाहीत.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. वहीत एक म्हातारी होती. तिचा मुलगा पलटणीत गेलेला. रजेवर आलेला कोणी शिपाई तिला सांगतो की तुझा पोरगा मिसरात आहे. म्हातारी गावभर विचारत फिरते, ‘बाप्पा, हे मिसर कोन्त्या तालुक्यात येते?’ पाटील हसतो, पटवारी हसतो, शाळेतली पोरे तिच्यामागे ‘मिसर, मिसर’ करत धावतात. चार पाने हेच चालले होते.

पहिल्या वाचनात आम्हीही हसलो, हे कबूल करतो. नंतर कोठेतरी खुपू लागले, पण काय खुपते ते सांगता येईना. तेव्हा आम्ही आमची जुनी युक्ती केली. हँडबिल छापण्यापूर्वी ते आम्ही चार कामगारांना वाचून दाखवितो. जेथे ते तंबाखू मळायला लागतात तो परिच्छेद काढून टाकतो. त्याप्रमाणे बाजार समितीच्या शेडमध्ये, जेवणाच्या सुट्टीत, आम्ही ही वही हमालांपुढे आणि धान्य चाळणाऱ्या बायांपुढे मोठ्याने वाचली. नायब तहसीलदारावर शेड दणाणून गेली. म्हातारीवर पुरुष हसले, बायांपैकी काही हसल्या. एक बाई मात्र भाकरी हातात धरून बसून राहिली. तिचा मुलगा सध्या सैन्यात आहे. वाचन संपले, लोक पाणी प्यायला उठले, तेव्हा तिने आम्हांला विचारले, ‘मंग त्याचं पत्र आलं का?’

आम्ही वही चाळली. पत्र आले नव्हते. लेखकाने म्हातारीचा विनोद करून घेतला आणि तिला विसाव्या पानावर सोडून दिले. तिचा मुलगा जगला की मेला, याची वहीत कोठे नोंद नव्हती.

त्या रात्री आम्ही लायब्ररीतून आणलेली युद्धावरची पुस्तके पुन्हा काढली. १९४५ पर्यंत हिंदी सैन्य पंचवीस लाखांच्या घरात गेले होते. सक्तीची भरती नव्हती, आणि पोट ही सक्ती कोणी मोजत नाही. शिपायाच्या पत्रांवर सेन्सॉरची नजर असे, आपण कोठे आहोत हे लिहिण्याची त्याला बंदी असे. म्हणजे पाहा, त्या म्हातारीला मिसर ठाऊक नव्हते यात तिचे अज्ञान किती, आणि तिच्यापासून ते ठेवलेले किती? तिला माहीत असलेला सर्वांत मोठा सरकारी मुलूख म्हणजे तालुका. तेथे फिर्याद नेता येते, तेथून माणूस परत आणता येतो. ती जे विचारत होती ते इतकेच की कोणत्या कचेरीत जाऊन मी माझा पोरगा मागू?

मुलाला बोलावून आम्ही हे सांगितले. आम्हांला वाटले तो मान डोलावील. तो चिडला. म्हणाला, ‘काका, तुम्ही माझ्या विनोदाचा मोर्चा करता. आणि ही म्हातारी मी बनवलेली नाही. ती माझी पणजी. तिने खरोखर असे विचारले होते. आमच्या घरात दर लग्नात ही गोष्ट सांगतात आणि सगळे हसतात. आम्हांला तिच्यावर हसायचा हक्क नाही का?’

यावर आम्ही गप्प बसलो. हक्काचा शब्द आमच्याच तोंडचा, तो आमच्यावर उलटला. घरचे माणूस घरच्यांवर हसते त्यात माया असते, हे कोण नाकारील? अण्णाभाऊ साठ्यांनी, अमर शेखांनी लाल बावटा कलापथकातून गिरणगावाला हसविले ते त्याच मायेने. तेथल्या अडाणी शेतकऱ्याला हसणारेही शेतकरीच होते, आणि शेवटी फजिती व्हायची ती सावकाराची. पण लग्नातल्या मांडवात सगळे पणजीला ओळखतात. पडद्यावर तिला कोणी ओळखत नाही. तेथे ती एक वेडी म्हातारी होते. आम्ही त्याला एवढेच विचारले, ‘घरात सांगतात त्या गोष्टीचा शेवट काय? पत्र आले का?’

त्याला माहीत नव्हते. घरी जाऊन त्याने वडिलांना विचारले, आजोबांना विचारले. ऐंशी वर्षे ही गोष्ट त्या घरात चालली होती आणि तिचा शेवट कोणालाच ठाऊक नव्हता. पणजीचा थोरला मुलगा ‘लढाईत गेला’ एवढेच आजोबा म्हणाले. ‘गेला’ म्हणजे भरती झाला की वारला, हे त्यांनाही सांगता येईना. त्यांचा जन्म नंतरचा.

युद्धावर हसू नये असे आमचे मत नाही, हे येथे स्पष्ट केले पाहिजे, कारण सभेतल्या काही चेहऱ्यांवर ती शंका दिसते. चॅप्लिनने पहिल्या महायुद्धातल्या खंदकांवर ‘शोल्डर आर्म्स’ काढला तो १९१८ च्या ऑक्टोबरात, लढाई अजून संपली नव्हती. १९४० साली त्याने ‘द ग्रेट डिक्टेटर’मध्ये हिटलरची टर उडविली. पुढे आत्मचरित्रात त्याने लिहिले की छळछावण्यांतले खरे हाल त्या वेळी ठाऊक असते तर तो चित्रपट आपल्या हातून झाला नसता. त्याला माहीत नव्हते. आपल्याला मात्र १९४३ म्हटले की बंगालचा दुष्काळ माहीत आहे, तीसेक लाख माणसे अन्नावाचून आणि रोगराईने गेली हे माहीत आहे. तेवढे पोटात ठेवून तेलाचा विनोद करायचा, आणि तो करता येतो, हे या पोराच्या म्हाताऱ्याने दाखविलेच आहे.

मग आम्ही त्याला एक सूचना केली; ती करायला आम्हांला दोन रात्री लागल्या. म्हातारीचा प्रश्न काढू नकोस. तो पाटलाला विचारू नकोस, पोरांना विचारू नकोस. तो नायब तहसीलदाराला विचार. साहेब घोड्यावर, हातात सरकारी कागद, आणि म्हातारी पुढे येऊन विचारते, ‘सायेब, मिसर कोन्त्या तालुक्यात येते?’ साहेबालाही ते ठाऊक नाही. पण सरकारी माणसाला ‘ठाऊक नाही’ म्हणता येत नसते. तो घसा खाकरतो, कागद उलटा करून पाहतो, आणि म्हणतो, ‘चौकशी चालू आहे.’

हे ऐकून मुलगा प्रथम हसला आणि नंतर बराच वेळ काही बोलला नाही. वही घेऊन गेला तो महिनाभर फिरकला नाही, आणि आम्हांला त्या जिनिंगमधल्या माणसाची आठवण येऊ लागली.

गेल्या आठवड्यात तो आला. वही आता एकोणीस पानांची आहे. पाने अजून चार जास्त आहेत, असे आम्ही म्हणालो. त्याने ऐकले नाही, आणि तीन आम्हांला मान्य करावी लागली. तेलाचे वाक्य सातव्या पानावर आले आहे. भोकाचा पैसा आला आहे, पोतीवाल्यांच्या गाड्याही आल्या आहेत. म्हातारीचा प्रश्न साहेबाला आहे. परंतु ‘चौकशी चालू आहे’ या उत्तरावर त्याने देखावा संपविलेला नाही. साहेब निघून जातो, घोड्याच्या टापा दूर जातात, आणि म्हातारी त्याने खाली ठेवलेल्या कंदिलाची वात पुन्हा वर करते, कारण पोस्टमन रात्रीबेरात्री आला तर त्याला घर दिसले पाहिजे. पत्र येते की नाही हे त्याने लिहिलेले नाही. आजोबांनाच माहीत नाही, तर मी कोठून लिहू, असे तो म्हणतो. हा देखावा आमच्या सूचनेत नव्हता.

चित्रीकरण पावसाळ्यापूर्वी याच गावात व्हायचे आहे. त्याला काच शाबूत असलेले जुने कंदील हवेत, निदान पाच. भोकाचा पैसा कोणाच्या करगोट्यात किंवा देवघरात असेल तर तोही हवा आहे, काम झाल्यावर परत मिळेल. घोड्याचे जमले आहे. ज्यांच्याकडे या वस्तू असतील त्यांनी त्या उद्या संध्याकाळच्या व्याख्यानाआधी वाचनालयात आणून द्याव्यात आणि पावती घ्यावी. पावत्या आम्ही स्वतः लिहिणार आहोत.