पीएचडीनंतरची दोन वर्षं



आज पदवी घेणाऱ्यांपैकी मला बोलायचं आहे ते विशेषतः पीएचडी मिळवलेल्यांशी. व्हायवा पार पडला, थीसिस ग्रंथालयात गेली आणि घरून विचारणा सुरू झाली असेल, 'आता नोकरीचं काय?' विचारणा रास्तच आहे. तरीही माझं आग्रहाचं सांगणं आहे, ज्यांना शक्य आहे त्यांनी पुढची दोन वर्षं पोस्टडॉकला, म्हणजे पीएचडीनंतरच्या संशोधनाला द्यावीत. पीएचडीचा विषय बहुतेक वेळा गाईडच्या कामातून आलेला असतो. स्वतःचा प्रश्न निवडायची संधी त्यानंतरच मिळते.

जैवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनींचंच उदाहरण घ्या. त्यांनी 1939 साली केंब्रिजची पीएचडी मिळवली ती वनस्पतींमधल्या सायटोक्रोम सी या प्रथिनावर. मायदेशी परतल्यावर त्या कुन्नूरच्या प्रयोगशाळेत जीवनसत्त्वांवर काम करू लागल्या आणि पुढे मुंबईच्या विज्ञान संस्थेत नीरेकडे वळल्या. कुपोषित आदिवासी मुलांना आणि गरोदर बायकांना नीरेचा किती उपयोग होतो, हे त्यांनी दाखवलं. याच कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला.

असे प्रश्न आपल्या नाशिक जिल्ह्यातही पडून आहेत. 2010 साली आपल्या द्राक्षांचे कंटेनर क्लोरमेक्वाट क्लोराइड या फवारणीच्या रसायनाच्या अंशामुळे युरोपात अडकले. निफाड-दिंडोरीतले बागायतदार तो हंगाम विसरलेले नाहीत. निर्यातीच्या मण्यात औषधाचा अंश किती, हे आज प्रयोगशाळेत काटेकोर तपासलं जातं. पण पेठ-सुरगाण्याहून मजुरीला आलेला माणूस पाठीवर पंप बांधून बागेत फवारतो, हातमोजे नाहीत, तोंडाला फक्त रुमाल. त्याच्या रक्तात काय उतरतं? हंगाम सुरू होण्याआधी आणि संपल्यावर, त्याच माणसांचे नमुने सलग दोन वर्षं तपासायला हवेत. आपल्या आरोग्य विज्ञान विद्यापीठातल्या पीएचडीधारकाने हाती घ्यावा असा हा विषय आहे.

पैसा कुठून येणार? नॅशनल पोस्ट डॉक्टरल फेलोशिप दोन वर्षांची असते आणि थीसिस जमा केलेल्यांनाही अर्ज करता येतो. आयसीएमआरची स्वतंत्र फेलोशिप आहे. जर्मनीच्या हुम्बोल्ट फेलोशिपसाठी वर्षभर केव्हाही अर्ज चालतो. पैशाची सोय झाली की गाईड बदला, जमल्यास गावही बदला. मेंटॉरला पत्र लिहाल तेव्हा आधी त्यांचे शोधनिबंध वाचा आणि आपला प्रश्न चार ओळींत मांडा. शंभर जणांना एकच मजकूर धाडू नका.

वयाच्या अटीचं मात्र मला फार वाईट वाटतं. नॅशनल फेलोशिपला मर्यादा 35 वर्षांची आहे. महिलांना, मागासवर्गीयांना आणि दिव्यांगांना पाच वर्षांची सवलत. इथे पीएचडी करणारे अनेक जण कॉलेजात शिकवता शिकवता, घर सांभाळत चाळिशीला पोचलेले असतात. त्यांची जिद्द कमी कशी म्हणायची? युरोपच्या मेरी क्युरी फेलोशिपला वयाची अट नाही. पीएचडीनंतर संशोधनात किती वर्षं गेली, एवढंच पाहतात, आणि ती आठपेक्षा जास्त नसावीत. आपल्याकडेही हाच हिशोब लागू व्हायला हवा.

कुलगुरू महोदय, तोवर आपल्या हाती आहे तेवढं करूया. बाहेरून येणाऱ्या पोस्टडॉकला इथे बसायला टेबल, राहायला खोली आणि एथिक्स कमिटीची वेळेवर मंजुरी मिळाली, तर पुढच्या द्राक्ष हंगामाआधी पहिले नमुने घेता येतील.