हौशी छायाचित्रण मंडळ आणि ग्रंथालय

(ग्रंथालयाच्या शताब्दीनिमित्त योजलेल्या व्याख्यानमालेतील भाषणाचा मजकूर)



 मराठीच्या अध्यापकाने अशा वेळी कादंबरी, कविता वा नाटक यांविषयी बोलावे अशी सर्वसाधारण अपेक्षा असते. मी मात्र हौशी छायाचित्रकारांची मंडळे, त्यांचे उपक्रम आणि त्यांच्या स्पर्धा हा विषय मागून घेतला. ग्रंथालयाच्या व्यासपीठावर कॅमेऱ्याचे काय काम, असा प्रश्न कोणाच्या मनात आला असेल तर तो रास्तच आहे. त्याचे उत्तर देण्यासाठी मी आपल्या पेडणे महालाशी नाते असलेल्या दोन बंधूंपासून आरंभ करतो.

डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव आपणा सर्वांना ठाऊक आहे. त्यांचा जन्म पेडणे महालातला. वैद्य म्हणून, प्राचीन शिलालेखांचे वाचक म्हणून आणि मुंबईच्या सार्वजनिक जीवनातील एक धुरीण म्हणून त्यांची कीर्ती झाली. मुंबईच्या भायखळा येथील वस्तुसंग्रहालयाला १९७५ साली त्यांचे नाव देण्यात आले. परंतु हे भाऊ दाजी आपल्या देशातील पहिल्या छायाचित्रण मंडळाचे सभासद होते, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही. हे मंडळ म्हणजे १८५४ साली मुंबईत स्थापन झालेली ‘फोटोग्राफिक सोसायटी’. कलकत्ता आणि मद्रास येथील मंडळे त्यानंतर दोन वर्षांनी, १८५६ साली निघाली. भाऊंचे धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी हेही ग्रँट मेडिकल कॉलेजातून वैद्यकी शिकलेले. ते स्वतः निष्णात छायाचित्रकार होते. मुंबईच्या या मंडळाच्या कार्यकारिणीवर त्यांनी काम केले आणि १८५७ सालच्या प्रदर्शनात त्यांची छायाचित्रे मांडली गेली.

त्या काळी अशा मंडळाची गरज का भासली, हे समजून घेण्यासारखे आहे. फ्रेडरिक स्कॉट आर्चर या इंग्रज गृहस्थांनी १८५१ साली प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत काचेवर कलोडियनचा लेप द्यावा लागे, ती काच चांदीच्या क्षारात बुडवावी लागे, आणि ती ओली असतानाच, म्हणजे सुमारे दहा-पंधरा मिनिटांत, चित्र घेऊन धुवावे लागे. मुंबईच्या उष्म्यात लेप लवकर सुके. विलायतेतील पुस्तकात दिलेली मापे येथे जशीच्या तशी चालत नसत. एकाला साधलेली युक्ती दुसऱ्याला सांगण्यासाठी, बिघडलेली काच चारचौघांत दाखवून तिचे कारण शोधण्यासाठी माणसे एकत्र जमू लागली. मंडळाने आपले नियतकालिकही काढले. वाचनालय ज्या वृत्तीतून जन्माला येते, तीच ही वृत्ती आहे. आपल्यापाशी असलेले ज्ञान कपाटात कुलूपबंद न ठेवता चार लोकांत फिरवावे, या इच्छेतून दोन्ही संस्था उभ्या राहिल्या.

आता आजच्या मंडळांकडे वळू. गावोगावची हौशी मंडळे जे करतात त्याचा आराखडा साधारण सारखाच असतो. महिन्यातून एकदा बैठक, वर्षातून दोन-चार सहली, एखाद्या जाणत्या छायाचित्रकाराचे व्याख्यान, नवोदितांसाठी कार्यशाळा, आणि १९ ऑगस्ट या जागतिक छायाचित्रण दिनाच्या सुमारास स्पर्धा व प्रदर्शन. १८३९ साली याच तारखेला दागेरच्या पद्धतीचा तपशील पॅरिसमध्ये जाहीर झाला, म्हणून हा दिवस पाळतात. राष्ट्रीय आणि आंतरराष्ट्रीय पातळीवर पाठवायच्या चित्रांसाठी १९५३ साली स्थापन झालेली ‘फेडरेशन ऑफ इंडियन फोटोग्राफी’ ही शिखर संस्था आणि युरोपातील ‘फियाप’ हा महासंघ यांचे नियम पाळले जातात.

स्पर्धेविषयी आपल्याकडे काही जणांच्या मनात किंतु असतो. कलेत कसली चढाओढ, असे ते विचारतात. मला स्वतःला स्पर्धा उपकारक वाटते. चित्रकर्त्याचे नाव झाकलेले असते. परीक्षकापुढे केवळ क्रमांक आणि चित्र येते. सावकाराचा मुलगा आणि मासळी विकणाऱ्या बाईचा मुलगा यांची चित्रे त्या भिंतीवर शेजारी शेजारी बसतात. निकालानंतर परीक्षक प्रत्येक चित्राविषयी दोन शब्द बोलतात. क्षितिज कलले आहे, पार्श्वभूमीतील विजेचा खांब चेहऱ्याच्या डोक्यातून उगवला आहे, सावलीत तपशील बुडाला आहे, असे ते सांगतात. बक्षीस एकालाच मिळते. हे ऐकण्याचा लाभ मात्र सर्वांना होतो. आपल्या कृतीवरील टीका शांतपणे ऐकून घेण्याची सवय साहित्याच्या प्रांतातही इतकी सहज आढळत नाही, हे मी अनुभवाने सांगू शकतो.

असे असूनही स्पर्धेचे नियम पाहणाऱ्याची नजर घडवतात आणि कधी कधी ती अरुंदही करतात, हे सांगणे माझे कर्तव्य आहे. ‘निसर्ग’ या विभागाचेच उदाहरण घ्या. आंतरराष्ट्रीय संस्थांनी मान्य केलेल्या व्याख्येनुसार, काही अपवाद सोडता, या विभागात माणसाच्या हाताची खूण दिसता कामा नये. लागवडीची झाडे आणि पाळीव जनावरे त्यात बसत नाहीत. वन्यजीवनाच्या शास्त्रीय नोंदीसाठी हा नियम योग्यच आहे. पण आपला निसर्ग कसा आहे? डिचोलीच्या कुळागरातील पोफळ माणसाने लावलेली, तिला पाणी देणारा पाट माणसाने काढलेला, शेताचा बांध माणसाने घातलेला आणि बांधावरची म्हैस गोठ्यातली. या व्याख्येने आपला बहुतेक मुलूख निसर्गाबाहेर पडतो. मग आमचा हौशी छायाचित्रकार पक्ष्याच्या मागे धावतो आणि पक्षी ज्या बांधावर बसला आहे तो बांध चौकटीबाहेर ठेवतो.

दुसरी गोष्ट मला अधिक गंभीर वाटते. मुंबईच्या मंडळाच्या आश्रयाने १८५६ ते १८५८ या काळात विल्यम जॉन्सन आणि विल्यम हेंडरसन यांनी एक मासिक चित्रसंग्रह काढला. त्याच्या प्रत्येक अंकात तीन छायाचित्रे चिकटवलेली असत. पश्चिम भारतातील लोकांचे वेष आणि व्यवसाय दाखवणारी चित्रे त्यात पुष्कळ आहेत. त्या काळाच्या अभ्यासकाला हा संग्रह अमोल आहे. पण त्यातील माणसे जातीच्या आणि धंद्याच्या नावाने ओळखली जातात. अमक्या जातीचा वाणी, तमक्या पंथाचा बैरागी, एवढेच आपल्याला कळते. त्या माणसाचे नाव काय होते, तो कोणत्या गावचा, हे बहुधा कोणी लिहून ठेवले नाही. राज्यकर्त्यांच्या नजरेत तो माणूस नमुना होता.

आता आपल्या स्पर्धांतील चित्रांची शीर्षके आठवून पाहा. ‘श्रम’, ‘वार्धक्य’, ‘प्रतीक्षा’, ‘निरागसता’. सुरकुतलेल्या चेहऱ्याची आजी, जाळे विणणारा रापणकार, चाकावर मडके उचलणारा डिचोलीचा कुंभार, शिरगावच्या लईराईच्या जत्रेतील धोंड. चित्रे उत्तम असतात. स्पर्धेच्या न्यायासाठी चित्रकर्त्याचे नाव काही तास झाकले जाते आणि निकालानंतर ते उघड होते. चित्रातल्या माणसाचे नाव मात्र कायमचे झाकलेले राहते. पावणेदोनशे वर्षांपूर्वी परक्यांनी जे केले, ते आज आपण आपल्याच गावकऱ्यांच्या बाबतीत करावे, हे मला खटकते. ती आजी आपल्याच वाड्यावरची असते. तिला नाव विचारण्यास आणि चित्र मांडण्याची परवानगी मागण्यास फार वेळ लागत नाही. छापील प्रत तिच्या हाती दिली तर तिच्या घरच्यांना जो आनंद होईल तो वेगळाच.

हा आग्रह निव्वळ सौजन्यासाठी धरतो आहे असे नाही. आपले दोन्ही तालुके ज्या वेगाने बदलत आहेत तो वेग आपण पाहत आहात. मोपाच्या सड्यावर पूर्वी पावसाळ्यात गवत आणि रानफुले असत, गुरे चरत. त्या सड्यावरील विमानतळाचे ११ डिसेंबर २०२२ रोजी उद्घाटन झाले आणि ५ जानेवारी २०२३ पासून तेथून विमाने उडू लागली. विमानतळ हवा की नको, हा वाद मी येथे आणत नाही. पण उद्या एखाद्या मुलाने विचारले की, त्याच्या आधी ही जागा कशी दिसत होती, तर त्याला दाखवण्यास आपल्यापाशी काय आहे? डिचोलीच्या खाणपट्ट्याचीही तीच कथा. २०१२ साली खाणी थांबल्या, पुन्हा सुरू झाल्या, २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने पुन्हा थांबल्या आणि पुढे पट्ट्यांचे लिलाव झाले. लाल धुळीचे रस्ते, ट्रकांच्या रांगा, मांडवीतून मुरगावकडे निघालेल्या बार्जी, पाण्याने भरलेले खंदक, यांची चित्रे पुष्कळांनी घेतली असतील. पण कोणत्या गावची, कोणत्या वर्षीची, हे मागे लिहिलेले नसेल तर पुढच्या अभ्यासकाला ती निरुपयोगी ठरतील.

आपल्याकडचे हवामानही या कामाचे वैरी आहे. पावसाळ्याचे चार महिने भिंतीला ओल धरते. भिंगावर, निगेटिव्हवर, आल्बमच्या पानांवर बुरशी चढते. रंगीत छापील चित्रे काही दशकांत फिकी पडतात. आता चित्रे संगणकात आणि दूरध्वनीच्या यंत्रात असतात. तेथे बुरशीचे भय नाही, परंतु यंत्र बदलले की हजारो चित्रे एका क्षणात नाहीशी होतात. छायाचित्र टिकते असा आपला समज आहे. प्रत्यक्षात पोथीइतकीच त्याची निगा राखावी लागते.

येथे ग्रंथालयाचा संबंध येतो. मंडळापाशी नजर आहे आणि उत्साह आहे. पण मंडळे निघतात, काही वर्षे चालतात आणि कार्यकर्ते पांगले की थंडावतात. ग्रंथालयापाशी शंभर वर्षांचे सातत्य आहे आणि दाखल नोंदवहीची शिस्त आहे. या दोघांनी हातमिळवणी करावी अशी माझी नम्र सूचना आहे. वार्षिक स्पर्धेत ‘आपला तालुका’ असा एक विभाग असावा. त्यात बांध, म्हैस, विजेचा खांब, सारे चालावे. मात्र नाव, गाव आणि दिवस लिहिल्याशिवाय चित्र स्वीकारू नये. निवडलेल्या चित्रांच्या छापील प्रती ग्रंथालयात दाखल व्हाव्यात, त्यांना पुस्तकाप्रमाणे क्रमांक पडावा. मागे लिहायचे ते शिसपेन्सिलीने, हलक्या हाताने लिहावे. शाई पुढल्या बाजूला उतरते. मूळ चित्रे दोन वेगवेगळ्या ठिकाणी जतन व्हावीत.

सहलींनाही असेच वळण देता येईल. मयेचा तलाव, नार्वेचे सप्तकोटेश्वर मंदिर, केरी-तेरेखोलचा धक्का, पेडण्याच्या पुनवेचे पटांगण, अशी दहा-बारा स्थळे ठरवावीत आणि दरवर्षी त्याच जागी उभे राहून, त्याच दिशेने एकेक चित्र घ्यावे. पहिल्या वर्षी कोणाला त्यात काही विशेष दिसणार नाही. वीस वर्षांनी ती मालिका तालुक्याचा इतिहास होईल. मोरजी-मांद्रेच्या किनाऱ्यावर समुद्री कासवे अंडी घालायला येतात. तेथे मात्र प्रखर दिव्याचा झोत पडला तर पिले समुद्राची दिशा चुकतात. असे चित्र कितीही सुंदर आले तरी मंडळाने ते स्पर्धेत घेऊ नये. कोणते चित्र घ्यायचे नाही, हे शिकवणे हाही मंडळाचा उपक्रमच आहे.

भाऊ दाजींनी झिजलेल्या शिलालेखांतील अक्षरे लावून विस्मृतीत गेलेल्या राजांची नावे उजेडात आणली. दगडावर कोणीतरी नाव कोरले होते म्हणून ते वाचता आले. आपण आज घेतलेल्या चित्रांमागे काही लिहिले नाही, तर पुढच्या शतकातील भाऊ दाजींना वाचण्यासारखे काहीच उरणार नाही. या ग्रंथालयाच्या दुसऱ्या शतकाचा आरंभ छायाचित्रांच्या एका नव्या कपाटाने व्हावा, एवढीच माझी इच्छा आहे.