जुना गेमिंग पीसी, पंचवीस हजार रुपये आणि हप्त्याचा मोह
(या भागाचं लिखित रूप. बोलण्याच्या ओघातली पुनरुक्ती तेवढी काढली आहे.)

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला आणि तेव्हापासून माझ्याकडे एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येतोय. ‘माझा पीसी दहा वर्षांचा आहे, विंडोज ११ घेत नाही, गेम अडकतात, बजेट वीस-पंचवीस हजार. काय करू?’ आज एकाच पीसीची गोष्ट सांगतो, कारण तो पीसी मी स्वतः उघडून बघितलाय आणि त्याचे आकडे मला तोंडपाठ आहेत.

पीसी माझ्या मामेभावाचा, साताऱ्यातला. २०१५ साली मामांनी भिशीच्या पैशातून घेऊन दिलेला. इंटेलचा आय-५ ४४६०, एच-८१ चिपसेटचा मदरबोर्ड, ८ जीबी डीडीआर-३ रॅमची एकच कांडी, जीटीएक्स ७५० टीआय हे २ जीबीचं कार्ड आणि १ टीबीची हार्ड डिस्क. तेव्हाच्या मानाने झकास मशीन. मुलगा आता नोकरीला लागलाय, हातात एकोणीस हजार येतात, आणि त्याने दुकानदाराकडून बहात्तर हजारांचं कोटेशन आणलं होतं. बारा हप्ते. म्हणजे महिन्याला सहा हजारांच्या वर. धाकटी बहीण बारावीला, तिचा क्लास चालू. मामा फोनवर मला एवढंच म्हणाले, “तू एकदा बघ, मग आम्ही हो म्हणतो.” आता ‘हो’ म्हणायची जबाबदारी आपल्यावर आली की माणूस जरा नीट बघतो.

मी गेल्या गेल्या पहिली गोष्ट केली ती म्हणजे कॅबिनेट उघडलं. खरेदीच्या आधी हे प्रत्येकाने करावं. प्रोसेसरच्या पंख्याखाली धुळीची गोधडी झाली होती. गेम चालू केल्यावर तापमान ९८ अंश. या पिढीचे इंटेल प्रोसेसर शंभरच्या आसपास पोचले की स्वतःचा वेग स्वतःच कमी करतात, जळू नये म्हणून. म्हणजे पोरगा ज्याला ‘पीसी म्हातारा झाला’ म्हणत होता, त्यातला काही भाग नुसता ताप होता. ब्लोअर मारला (पंखा बोटाने धरून मारा, नाहीतर तो भिंगरीसारखा फिरतो आणि बेअरिंग जातं), वाळून खडू झालेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावली. तापमान सत्तरच्या खाली आलं. खर्च, पेस्टच्या ट्यूबचे दोन-तीनशे रुपये.

मग मोजमाप. एमएसआय आफ्टरबर्नर हे फुकटचं सॉफ्टवेअर आहे, कार्ड कुठल्याही कंपनीचं असलं तरी चालतं. गेम चालू असताना कार्ड किती टक्के राबतंय आणि प्रोसेसरचा प्रत्येक कोअर किती राबतोय, ते कोपऱ्यात दिसतं. जीटीए ५ मध्ये कार्ड ९९ टक्के. म्हणजे तिथे कार्डच दमलंय. व्हॅलोरंटमध्ये मात्र चारही कोअर शंभरला टेकलेले आणि कार्ड साठ-पासष्टवर निवांत. खात्री करायची सोपी युक्ती अशी की रिझोल्यूशन १०८० वरून ७२० वर आणा. एफपीएस वाढले तर कार्ड कमी पडत होतं. तसेच राहिले तर घोडं प्रोसेसरशी किंवा रॅमशी अडलंय. व्हॅलोरंटमध्ये ते जागचे हलले नाहीत.

हे एवढं सविस्तर का सांगतोय? कारण त्या कोटेशनमध्ये जवळजवळ अर्धे पैसे एकट्या ग्राफिक्स कार्डाचे होते, आणि हा मुलगा रोज संध्याकाळी खेळतो व्हॅलोरंट. शिवाय त्याचा मॉनिटर ६० हर्ट्झचा. सेकंदाला दोनशे चित्रं काढणारं मशीन आणलं तरी तो पडदा दाखवणार साठच. त्याची खरी तक्रार मधेमधे बसणाऱ्या गचक्यांची होती, आणि गचके बसतात ते चार कोअर नि चार थ्रेडवर गेम, डिस्कॉर्ड आणि ब्राउझर एकदम भांडतात म्हणून. रॅमची एकच कांडी असेल तर मेमरीचा रस्ता एकपदरी राहतो, त्याचाही हातभार.

बरं, मग आहे त्याच बोर्डावर आय-७ ४७९० बसवावा का? चार कोअर, आठ थ्रेड, त्याच सॉकेटमध्ये बसतो, सेकंडहँड मिळतो. बरेच लोक हा सल्ला देतात. मला तो पटत नाही, निदान २०२६ मध्ये. एक तर चौथ्या पिढीचा कुठलाच प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाही, ती यादी इंटेलच्या बाबतीत साधारण आठव्या पिढीपासून सुरू होते. जुगाड करून विंडोज ११ टाकता येतं, मान्य. पण विंडोज ११ वर व्हॅलोरंटची व्हॅनगार्ड ही पहारेकरी प्रणाली टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट मागते. नसेल तर गेम उघडतच नाही. विंडोज १० च्या जादा सुरक्षा अपडेटची घरगुती योजना आहे, तीसुद्धा १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच. आणि मुख्य म्हणजे आय-७ आणि डीडीआर-३ रॅम यांवर घातलेला पैसा त्या बोर्डाबरोबरच मरतो. उद्या नवीन पीसी घेतला तर त्यातलं काहीही सोबत येत नाही. एच-८१ वर तर आणखी एक अडचण आहे, त्याचा ग्राफिक्सचा स्लॉट पीसीआय एक्सप्रेस २.० चा. आजची स्वस्त कार्डं त्यात गुदमरतात.

नवीन असेंबल करायचं तर माझी नेहमीची शिफारस रायझन ५ ५६०० ची. सहा कोअर, बारा थ्रेड, ६५ वॉट, आणि एएम-४ सॉकेटचे बोर्ड भरपूर मिळतात. ज्यांच्याकडे आधीच बी-४५० चा बोर्ड आणि पहिल्या-दुसऱ्या पिढीचा रायझन आहे, त्यांनी आजचा भाग इथेच थांबवला तरी चालेल. बायोस अपडेट करा, ५६०० बसवा, रॅम तीच ठेवा, सुटलात. पण शून्यापासून घेणाऱ्यासाठी २०२५ च्या दिवाळीच्या सुमाराला गणित बिघडलं. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी चिप उचलायला सुरुवात केली आणि रॅमचे भाव काही महिन्यांत दुपटीच्याही वर गेले. प्रोसेसर, बोर्ड, रॅम, एसएमपीएस एवढ्यातच आपले पंचवीस हजार संपले, कार्डाला हातात काही उरलंच नाही.

म्हणून आम्ही तिसरा रस्ता धरला. पुण्या-मुंबईतल्या कंपन्या तीन-पाच वर्षं वापरलेले ऑफिसचे डेस्कटॉप एकगठ्ठा विकून टाकतात. डेल, एचपी, लेनोव्होचे. व्यापारी ते साफ करून ‘रिफर्बिश्ड’ म्हणून विकतात. लॅमिंग्टन रोडला चक्कर मारलीत तर थप्प्या दिसतील. आम्ही आठव्या पिढीचा आय-५ ८५०० शोधला. सहा खरे कोअर, विंडोज ११ च्या यादीत, टीपीएम २.० आत, विंडोजचं लायसन्स मशीनबरोबर. आणि गंमत म्हणजे रॅम आतच असते. बाहेर रॅमला सोन्याचा भाव असताना १६ जीबी डीडीआर-४ आणि २५६ जीबी एसएसडीसकट अख्खं मशीन साडेसोळा हजारांना पडलं.

यात खाचखळगे आहेत आणि ते नीट ऐका. पातळ, आडवं ‘स्मॉल फॉर्म फॅक्टर’ मॉडेल घेऊ नका, त्यात फक्त बुटकं कार्ड बसतं. उभा, रुंद टॉवर घ्या. या मशीनचा एसएमपीएस दोनशे-अडीचशे वॉटचा असतो, कार्डासाठी वेगळी पॉवर वायर सहसा नसते, आणि मदरबोर्डाचं कनेक्शनही बऱ्याचदा नेहमीचं २४ पिनचं नसतं, त्यामुळे बाजारातला एसएमपीएस आणून लावू म्हटलं तर लागत नाही. म्हणजे कार्ड स्लॉटमधूनच वीज घेणारं हवं, ७५ वॉटच्या आतलं. आणखी एक, पैसे देण्याआधी दुकानातच बायोस उघडून बघा. कंपनीने टाकलेला बायोस पासवर्ड तसाच राहिला असेल तर सिक्युअर बूट चालू करता येणार नाही. आम्ही बघितलेल्या पहिल्या दोन मशीनना पासवर्ड होता. दुकानदार म्हणाला, “त्याने काय फरक पडतो?” आम्ही तिसरं मागितलं.

कार्ड घेतलं सेकंडहँड जीटीएक्स १६५०, ज्याला वरून वायर लागत नाही असं. ४ जीबी, साडेसहा हजार. नवीनच हवं तर आरटीएक्स ३०५० चं ६ जीबीवालं आहे, तेही ७० वॉटमध्ये स्लॉटवर चालतं, पण बजेट मोडतं. त्याहून जुनं, म्हणजे जीटीएक्स १०५० टीआय किंवा १०६०, आता शक्यतो टाळा. त्या पिढ्यांसाठी नव्या गेमचे ड्रायव्हर एनव्हिडियाने ऑक्टोबर २०२५ पासून थांबवले, फक्त सुरक्षा अपडेट येत राहतील. आणि आरएक्स ६५०० एक्सटी कोणी स्वस्तात देऊ लागला तर भुलू नका. त्याला चारच लेन आहेत. आठव्या पिढीच्या बोर्डावर, म्हणजे पीसीआय एक्सप्रेस ३.० वर, त्याचा रस्ता निम्मा होतो आणि ४ जीबी भरली की कार्ड लंगडायला लागतं.

सेकंडहँड कार्ड चालू मशीनवर बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. जीपीयू-झेड लावा. जुन्या चिपवर नव्या कार्डाचं नाव चढवून विकणारे महाभाग आहेत, आणि अशी बरीच कार्डं जीपीयू-झेड ओळखून नावाआधी ‘फेक’ असं दाखवतो. मग फरमार्क पंधरा मिनिटं. पडद्यावर ठिपके, रेघा, पंख्याची घरघर, काहीही आलं तर नमस्कार करून बाहेर पडा. आमच्या विक्रेत्याने आधी कुरकुर केली, मग चहा मागवला.

एकूण हिशोब तेवीस हजार. व्हॅलोरंटचे गचके गेले, जीटीए ५ हाय सेटिंगवर साठला चिकटून चालतो. सायबरपंक २०७७ लो-मीडियमवर, एफएसआर लावून, तीस-चाळीसच्या घरात. भावाला त्यात जरा जास्तीची अपेक्षा होती. “दादा, बहात्तर हजारवाल्यावर अल्ट्रा चाललं असतं,” असं तो म्हणालाच. असतं की! पण हप्तेही चालले असते.

उरलेल्या दोन हजारांत आम्ही दोन कामं केली. पहिलं, वायरमनला बोलावून त्या खोलीचं अर्थिंग दुरुस्त करून घेतलं. कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात, ही गोष्ट घरात सगळ्यांना माहीत होती आणि सगळ्यांनी चालवून घेतली होती. तुमच्याकडे असं होत असेल तर आधी वायरमन, मग पीसी. दुसरं, जुन्या मशीनमध्ये एक छोटी सेकंडहँड एसएसडी टाकून त्यावर लिनक्स मिंट चढवलं. तो आता बहिणीच्या टेबलावर आहे. व्हिडिओ लेक्चर, पीडीएफ, मराठी टायपिंग, सगळं चालतं. जीटीएक्स ७५० टीआय तिने काढू दिलं नाही. का, ते मला सांगितलेलं नाही, पण मध्ये एकदा मांडणीमागे कंट्रोलर दिसला.

पुढच्या भागात लॅपटॉपच्या बॅटरीविषयी बोलू. तोवर प्रश्न पाठवत राहा, फक्त पाठवताना ‘आय-५ आहे’ एवढंच लिहू नका. प्रोसेसरचा पूर्ण नंबर, मदरबोर्डाचं नाव, मॉनिटर किती हर्ट्झचा ते, आणि एसएमपीएसच्या लेबलचा फोटो. ‘कॅबिनेटबरोबर आला होता’ असा एसएमपीएस असेल तर फोटो नक्कीच.