अक्षर टिकते ते नकलांनी
(हीरकमहोत्सवी व्याख्यानाचा पाठ)



तंजावूरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात ताडपत्रे आणि कागदी पोथ्या हजारोंच्या संख्येने आहेत. हे जुने अक्षर आपोआप टिकले, असे पाहणाऱ्यास वाटते. परंतु ते टिकवले गेले आहे. दमट हवेत ताडपत्राला कीड लागते, पान ठिसूळ होते. म्हणून पानांना गवती चहाचे तेल लावण्याची, कोरलेल्या अक्षरांत काजळी भरण्याची आणि पोथी जीर्ण होण्यापूर्वी तिची नक्कल करून ठेवण्याची रीत पडली. दुसरे सरफोजी राजे (कारकीर्द १७९८ ते १८३२) यांनी दूरदूर पंडित धाडून ग्रंथ जमवले, विकत घेतले आणि नकलाही करवून घेतल्या. भोसले घराण्याचा इतिहास तर १८०३ मध्ये बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर मराठीत कोरवला. एका वस्तूवर एकच प्रत ठेवून स्वस्थ राहू नये, हे त्या काळी ठाऊक होते.

आज तेच काम बोटाएवढ्या पेनड्राइव्हवर सोपवलेले दिसते. आजोबांचा आवाज, लग्नाची छायाचित्रे, स्नेहसंमेलनाचे चित्रण, सारे एकाच ठिकाणी. मग एके दिवशी पडद्यावर सूचना उमटते, की ड्राइव्ह वापरण्यापूर्वी तो फॉरमॅट करावा लागेल. त्या सूचनेला होकार देण्याची घाई करू नये. कारण बहुतेक वेळा मजकूर नाहीसा झालेला नसतो, त्याची अनुक्रमणिका बिघडलेली असते.

पेनड्राइव्हमध्ये फाइलची नोंद एका जागी आणि मजकूर दुसऱ्या जागी असतो. फाइल पुसली, की नोंदीवर काट मारली जाते आणि ती जागा मोकळी समजली जाते. नवे काही तिथे लिहिले जाईपर्यंत जुना मजकूर बहुधा तसाच राहतो. मात्र विंडोजवर पेनड्राइव्हवरील पुसलेली फाइल रिसायकल बिनमध्ये जात नाही, म्हणून ती तिथे शोधून उपयोग नाही. यावरून पहिला नियम निघतो : बिघाड लक्षात येताच त्या ड्राइव्हवर काहीही लिहू नये. नवी फाइल टाकू नये, दुरुस्तीची आज्ञाही प्रथम देऊ नये.

दुसरी पायरी तपासणीची. ड्राइव्ह दुसऱ्या पोर्टला, दुसऱ्या संगणकाला लावून पाहावा. फाइलींच्या जागी केवळ शॉर्टकट दिसत असतील, तर ते बहुधा व्हायरसचे काम असते : मूळ फाइली लपवलेल्या असतात, गेलेल्या नसतात. त्या शॉर्टकटवर टिचकी मारू नये; अँटिव्हायरसने तपासणी करून मग लपवलेल्या फाइली दिसत्या कराव्यात.

तिसरी पायरी नकलेची. शक्य असल्यास संपूर्ण ड्राइव्हची प्रतिमा, म्हणजे जशीच्या तशी नक्कल, संगणकावर घ्यावी आणि पुढचे प्रयोग त्या नकलेवर करावेत. फोटोरेकसारखे विनामूल्य सॉफ्टवेअर फाइलींच्या अंतर्गत खुणा ओळखून त्या वेचून काढते. नावे मात्र परत मिळत नाहीत. सापडलेल्या फाइली दुसऱ्याच डिस्कवर साठवाव्यात, त्याच ड्राइव्हवर नव्हे. हे सारे पार पडल्यावरच चेकडिस्क वा फॉरमॅट करण्यास हरकत नाही. ड्राइव्ह तापत असेल, सारखा तुटत असेल किंवा संगणकाला मुळीच ओळखता येत नसेल, तर घरगुती उपाय थांबवून डेटा रिकव्हरीच्या जाणकाराकडे न्यावा.

यापलीकडे आणखी एक हानी आहे, जिच्यात काहीच हरवत नाही, तरी सारे हरवते. तंजावूरच्या मराठा राजवटीचे मोडी कागद आजही शाबूत आहेत. पण मोडी वाचणारे विरळ झाल्याने त्यांतील बहुतांश मजकूर सामान्य वाचकास मुका आहे. १९८१ मध्ये स्थापन झालेल्या तंजावूरच्या तमिळ विद्यापीठाने निवडक मोडी कागदांचे तमिळ भाषांतर करून काही कागदांना वाचा दिली. संगणकाच्या फाइलींचेही असेच होते. जुन्या मराठी फाँटमध्ये टंकलेला मजकूर, तो फाँट नसलेल्या संगणकावर निरर्थक चिन्हांसारखा दिसतो. म्हणून महत्त्वाचे लेखन युनिकोडमध्ये आणून ठेवावे आणि दर काही वर्षांनी उघडून पाहावे.

पेनड्राइव्ह ही ने-आण करण्याची पिशवी आहे, तिजोरी नव्हे. त्यातील मजकूर विद्युतभाराच्या रूपाने साठवलेला असतो आणि ड्राइव्ह वर्षानुवर्षे न वापरता पडून राहिला, तर तो भार हळूहळू ओसरू शकतो. जगभर सांगितला जाणारा सोपा नियम असा : तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यांपैकी एक दुसऱ्या ठिकाणी. एक प्रत संगणकावर, एक बाह्य डिस्कवर आणि एक परगावी राहणाऱ्या लेकीकडे वा क्लाउडवर, एवढे प्रत्येक कुटुंबास जमण्यासारखे आहे. ड्राइव्ह काढताना सुरक्षितपणे बाहेर काढण्याची आज्ञा द्यावी, हीही सवय मुलांना लावावी.

माजी विद्यार्थ्यांच्या घरी शाळेची जुनी छायाचित्रे, हस्तलिखिते, निरोप-समारंभातील भाषणे असतील. त्यांच्या प्रती करून, प्रत्येक छायाचित्रामागे नावे, वर्ष आणि प्रसंग लिहून एक प्रत शाळेकडे द्यावी. छायाचित्रातील चेहरे ओळखणारी माणसे आज हयात आहेत. ती नसतील त्या दिवशी फाइल शाबूत असूनही, ते चेहरे कोणाचे हे सांगणारे कोणी उरणार नाही.