झाडं मोजतात, सावलीतल्या बाया कोण मोजणार?

(जालना येथे पाटी आणि हातगाडीवर माल विकणाऱ्या बायांच्या बैठकीत केलेलं भाषण)



जालना सोन्याचा पाळणा, असं जुनी माणसं सांगतात. आज इथं लोखंडाचे कारखाने आहेत, बियाण्यांच्या कंपन्या आहेत. 2023 मध्ये नगरपालिकेची महानगरपालिका झाली. आता रस्ते रुंद होणार, व्यापारी संकुलं उभी राहणार. बांधकामाला आपला विरोध नाही. पण भर बाजारात बांधकाम निघालं की पहिला घाव झाडावर पडतो. त्या झाडाबरोबर कुणाची भाकरी गेली, हे मात्र कुठल्याच कागदावर येत नाही. त्याबद्दल मला आज बोलायचं आहे.

उन्हाळ्यात आपल्याकडे पारा चाळिशीच्या वर जातो. कडुलिंबाखाली पाटी मांडून बसलेल्या बाईची मेथी-कोथिंबीर दुपारीसुद्धा तग धरते. लेकरू बाजूला झोळीत झोपतं. गिऱ्हाईकही सावली बघून दोन मिनिटं थांबतं. झाड गेलं की भाजी दुपारच्या आत माना टाकते. मग पडेल त्या भावाला माल द्यायचा, नाहीतर तसाच घरी न्यायचा. दुकानदाराच्या डोक्यावर छप्पर आहे, पंखा आहे. तुमच्या डोक्यावर झाड आहे. म्हणून हा प्रश्न एकट्या पर्यावरणवाल्यांचा नाही. तो तुमच्या रोजगाराचा आहे.

शहरातली झाडं जपण्यासाठी महाराष्ट्रात 1975 साली कायदा झाला. त्यानुसार वृक्ष प्राधिकरण असतं आणि परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही. परवानगीचा अर्ज आला की वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्यावी लागते आणि प्रत्यक्ष झाडावरही नोटीस लावावी लागते. परवानगी मिळाल्यावरही 15 दिवस झाडाला हात लावता येत नाही. त्या काळात कुणी हरकत घेतली, तर तिचं म्हणणं ऐकून मगच अंतिम निर्णय करायचा. 2021 च्या दुरुस्तीनं 50 वर्षांच्या आणि त्याहून जुन्या झाडांना वारसावृक्षाचा दर्जा मिळाला. तोडलेल्या झाडाचं जेवढं वय तेवढी रोपं लावायची, असाही नियम आला.

हिशेब चांगला दिसतो. चाळीस वर्षांच्या लिंबाच्या बदल्यात चाळीस रोपं. पण बाजारात जागा नसली की ती रोपं दुसरीकडे लागतात. तुमच्या पाटीवर ऊन पडायचं ते पडतंच. आणि रोपांना पाणी? 2012-13 च्या दुष्काळात याच जालन्यात आपण टँकरची वाट पाहत हंडे घेऊन उभ्या होतो. सावली द्यायला रोपाला कितीतरी वर्षं लागतात. तोवर उन्हात बसणारी बाई कुठल्या नियमात बसते?

मुदतीचं महत्त्व किती, ते मुंबईच्या आरेमध्ये सगळ्यांनी पाहिलं. 4 ऑक्टोबर 2019 ला उच्च न्यायालयानं याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री मेट्रोच्या कारशेडसाठी तोड सुरू झाली. 15 दिवसांची मुदत कधी संपली, यावरच तेव्हा वाद झाला. 7 ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयानं तोड थांबवली, तोवर 2,141 झाडं पडली होती. झाड पडल्यावर कोर्टातून सावली परत येत नाही.

दुसरा कायदा थेट तुमचाच आहे. 2014 चा पथविक्रेत्यांचा कायदा. वर्षानुवर्षं आपोआप भरत आलेल्या बाजाराला हा कायदा ओळखतो. विक्रेत्याला हलवायचं असेल तर 30 दिवसांची नोटीस द्यावी लागते. शहर विक्रेता समितीत किमान 40 टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे आणि त्यांतल्या एक तृतीयांश बाया असायला हव्यात.

आता अडचण बघा. झाडाची फाईल एका टेबलावर, विक्रेत्यांची दुसऱ्या. झाड तोडणारा म्हणतो, मी बायकांना उठवलं नाही. खरंच, कुणी उठ म्हणत नाही. सावली काढून घेतली की बाई आपणच उठते. मग 30 दिवसांच्या नोटिशीचा प्रश्नच येत नाही. ही पळवाट आपण बंद करायला हवी.

त्यासाठी तीन कामं करू या. पहिलं, कुठल्या झाडाखाली कोण बसते, किती वर्षांपासून, काय विकते, याची यादी आपणच करायची. पावत्या, ओळखपत्र, जे असेल ते जोडायचं. दुसरं, खोडावर नोटीस दिसली की त्याच दिवशी शिकलेल्या पोरीकडून वाचून घ्यायची. वर्तमानपत्रातल्या नोटिशीवर नजर ठेवायचं काम आपल्या संघटनेकडे. तिसरं, हरकत तोंडी सांगून भागत नाही. ती लेखी द्यायची, यादी जोडायची आणि पोच घ्यायची. सुनावणीला चार-पाच जणींनी मिळून जायचं.

मागण्याही नेमक्या ठेवू. आराखडा बदलून झाड वाचतं का, ते आधी तपासा. तोडणं अटळच असेल तर बदली झाडं बाजाराच्या जवळ लावा आणि ती वाढेपर्यंत विक्रेत्यांना शेड बांधून द्या. झाडाच्या प्रत्येक अर्जासोबत त्याखाली बसणाऱ्यांची नावं असलीच पाहिजेत.

अर्ज आल्यावर धावपळ करून उपयोग नाही. यादीची वही मी आणली आहे. बैठक संपली की आपापलं झाड सांगून नाव लिहूनच घरी जा.